‘नव्वद टक्के’ म्हणजे नेमकं काय? हवामान प्रक्षेपणांतल्या संभाव्यता कशा वाचायच्या

‘मध्यम उत्सर्जन धरलं तर शतकाच्या अखेरीस जागतिक तापमानवाढ २.७ अंश सेल्सियस (२.१ ते ३.५).’ आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलाच्या विज्ञानाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, २०२१ च्या अहवालातला हा आकडा आहे. बातमीपर्यंत पोहोचताना त्यातला २.७ शिल्लक राहतो आणि कंसातला भाग गळून पडतो. नुसती बातमी वाचायची असेल तर ते चालूनही जाईल. पण या आकड्यांवरून ज्याला काही ठरवायचं आहे, म्हणजे पुलाची उंची, गटाराची रुंदी, धरणाच्या सांडव्याची क्षमता किंवा पुढच्या तीस वर्षांची लागवड, त्याच्या कामाची माहिती कंसातच असते.

हा लेख अशा माणसासाठी आहे. शाळेतल्या टक्केवारीपलीकडचं गणित लागणार नाही. मात्र आकड्याकडे नुसता आकडा म्हणून बघायची सवय थोडी बाजूला ठेवावी लागेल.

आधी एक घोळ निस्तरू: अंदाज आणि प्रक्षेपण

मराठीत आपण उद्याच्या पावसालाही हवामान म्हणतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही हवामानच म्हणतो. त्यामुळे ‘उद्या पावसाची शक्यता ७० टक्के’ आणि ‘२०८० च्या दशकात उन्हाळा ३ अंशांनी तापण्याची शक्यता ७० टक्के’ ही वाक्यं एकाच जातीची वाटतात. ती तशी नाहीत.

उद्याच्या अंदाजाची परीक्षा घेता येते. ज्या ज्या दिवशी ७० टक्के सांगितलं होतं असे शंभर दिवस काढा आणि त्यातल्या साधारण सत्तर दिवशी पाऊस पडला का ते बघा. २०८० चं दशक एकदाच येणार आहे, त्याचे शंभर नमुने मिळणार नाहीत. म्हणून तिथल्या टक्केवारीचा अर्थ वेगळा आहे. आज हाती असलेला पुरावा, म्हणजे भौतिकशास्त्र, निरीक्षणं आणि मॉडेल्स (हवामानाच्या संगणकीय प्रतिकृती), कोणत्या उत्तराच्या बाजूने किती वजन टाकतो, हे ती सांगते. नवा पुरावा आला की ती बदलते, आणि तशी बदलणं योग्यच आहे.

दुसरा फरक ‘जर’चा. प्रक्षेपण नेहमी जर-तर असतं: जर हरितगृह वायूंचं उत्सर्जन अमुक मार्गाने गेलं, तर तापमान तमुक होईल. ‘जर’ काढून टाकलात की उरतं ते भविष्यकथन, आणि तसं कुठल्याही शास्त्रज्ञाने केलेलं नसतं.

मग यावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? जुनी प्रक्षेपणं तपासून. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९७० ते २००७ या काळात केलेली १७ प्रक्षेपणं प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिली. १० जशीच्या तशी जुळली. उत्सर्जन आणि इतर घटक प्रत्यक्षात जसे घडले तसे धरून पुन्हा पाहिल्यावर १४ जुळली. म्हणजे काही ठिकाणी भौतिकशास्त्र बरोबर होतं, चुकला होता तो ‘जर’.

पायरी १: वाक्य पूर्ण करून घ्या

प्रक्षेपणातला कोणताही आकडा हाती आला की पाच गोष्टी शोधा: कशातला बदल, कशाच्या तुलनेत, कोणत्या काळासाठी, उत्सर्जनाचा कोणता मार्ग धरून, आणि कंसातली मर्यादा किती टक्क्यांची. एक जरी सापडली नाही तरी आकडा वापरू नका. मी हे सक्तीने सांगतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात आणि त्या पुढे दिसतही नाहीत.

तुलनेचा काळच घ्या. वरचे २.७ अंश १८५०–१९०० च्या तुलनेत आहेत. १९९५–२०१४ हा काळच त्यापेक्षा सुमारे ०.८५ अंशांनी गरम होता. दुसऱ्या अहवालात हाच बदल १९९५–२०१४ च्या तुलनेत दिला असेल, तर तो १.८५ च्या आसपास दिसेल. भविष्य तेच, आकडे दोन. एका अहवालातला २.७ उचलून आजच्या तापमानात मिळवला, तर होऊन गेलेली वाढ तुम्ही दुसऱ्यांदा मोजलीत.

काळाचंही तसंच. ‘शतकाची अखेर’ म्हणजे २०८१ ते २१०० या वीस वर्षांची सरासरी. एखादं सुटं वर्ष तिच्या वर-खाली जाणारच. जागतिक हवामान संघटनेच्या मते २०२४ हे वर्ष १८५०–१९०० पेक्षा १.५५ अंशांनी गरम होतं (± ०.१३). पण दीड अंशाची मर्यादा ओलांडली असं म्हणायला दीर्घकालीन सरासरी बघावी लागते, एका वर्षावर भागत नाही.

आणि पाचवी गोष्ट, कंस. एकाच अहवालात तापमानाचा कंस आणि समुद्रपातळीचा कंस वेगवेगळ्या रुंदीचे असू शकतात. २०२१ च्या अहवालात तापमानाची २.१ ते ३.५ ही मर्यादा ९० टक्क्यांची आहे, म्हणजे खरी वाढ तिच्या आत असण्याची शक्यता ९० टक्के. अतिशय जास्त उत्सर्जनाच्या मार्गावर २१०० पर्यंत समुद्रपातळीतली वाढ ०.६३ ते १.०१ मीटर दिली आहे, तो कंस मात्र सुमारे ६६ टक्क्यांचा. म्हणजे खरी वाढ १.०१ मीटरच्या वर जाण्याला ढोबळमानाने सहात एक इतकी जागा शिल्लक आहे. १.०१ म्हणजे ‘जास्तीत जास्त’ असं समजून बांध घातला, तर पाया चुकीच्या समजुतीवर उभा राहिला.

पायरी २: १०, ५० आणि ९० च्या पातळ्या

संभाव्यता पातळ्यांनी मांडायची पद्धत ब्रिटनच्या २००९ च्या राष्ट्रीय प्रक्षेपणांमुळे खूप रुळली. आता ती अनेक ठिकाणी दिसते. समजण्यासाठी एक काल्पनिक ओळ घेऊ:

उन्हाळ्याच्या सरासरी तापमानातला बदल: १० टक्के पातळीला १.४ अंश, ५० टक्के पातळीला २.७ अंश, ९० टक्के पातळीला ४.३ अंश.

ही ओळ ‘इतका किंवा याहून कमी’ अशी वाचायची. बदल १.४ अंशांहून कमी असण्याची शक्यता १० टक्के, २.७ हून कमी असण्याची ५० टक्के आणि ४.३ हून कमी असण्याची ९० टक्के. परीक्षेच्या निकालात पर्सेंटाइल असतो, तसाच हा.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘तापमान ४.३ अंशांनी वाढण्याची शक्यता ९० टक्के आहे’ असं लिहिणं. अर्थ बरोबर उलटा होतो: ४.३ च्या वर जाण्याची शक्यता अवघी १० टक्के आहे. ही चूक मी जबाबदार माणसांच्या सादरीकरणांतही पाहिली आहे, त्यामुळे ती आपल्या हातून होणार नाही असं कुणीच धरून चालू नये. काही तक्ते ‘इतका किंवा याहून जास्त’ अशा उलट्या पद्धतीनेही दिलेले असतात. ओळखायची युक्ती साधी आहे. टक्केवारी वाढत जाताना आकडाही वाढत असेल तर तक्ता ‘याहून कमी’चा, आकडा घटत असेल तर ‘याहून जास्त’चा.

आणखी एक. १० आणि ९० च्या मधल्या पट्ट्यात ८० टक्के शक्यता सामावते. उरलेले २० टक्के, पाचात एक, पट्ट्याबाहेर आहेत. पाचात एक ही बारीक शक्यता नव्हे.

मधला ५० चा आकडा मोहात पाडतो. तो फक्त मध्यक आहे: अर्धं वजन इकडे, अर्धं तिकडे. ‘हेच होणार’ असं तो म्हणत नाही. पावसाच्या बाबतीत तर तो सरळ दिशाभूल करतो. समजा पावसातल्या बदलाच्या पातळ्या उणे २२, उणे ४ आणि अधिक १५ टक्के अशा आहेत (हेही काल्पनिक). मधला आकडा बघणारा म्हणेल, पाऊस किंचित कमी होणार, विशेष काही नाही. खरं वाचन असं: पाऊस वाढेल की घटेल हेच पुराव्यावरून ठरत नाही, आणि दोन्ही बाजूंना मोठा बदल शक्य आहे. ‘फारसा बदल नाही’ आणि ‘बदलाची दिशा माहीत नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण मध्यकात त्या सारख्याच दिसतात. म्हणूनच आयपीसीसीच्या नकाशांवर, जिथे ८० टक्क्यांहून कमी मॉडेल्स बदलाच्या दिशेबाबत एकमत आहेत, तिथे तिरप्या रेघा मारलेल्या असतात. रंग बघण्याआधी रेघा बघा.

पायरी ३: शब्दांचे भाव

‘शक्यता आहे’ हा आपल्याकडचा मोठा लवचीक शब्दप्रयोग. पाहुणे येण्याची शक्यता आहे म्हणताना कुणाच्या मनात वीस टक्के असतात, कुणाच्या ऐंशी. आयपीसीसीने हे टाळण्यासाठी शब्दांना आकडे बांधून दिले आहेत. मराठीत ते साधारण असे मांडता येतील:

- जवळपास निश्चित: ९९ ते १०० टक्के
- अत्यंत संभाव्य: ९५ ते १००
- खूप संभाव्य: ९० ते १००
- संभाव्य: ६६ ते १००
- होण्या-न होण्याची सारखीच शक्यता: ३३ ते ६६
- असंभाव्य: ० ते ३३
- खूप असंभाव्य: ० ते १०
- अपवादात्मक असंभाव्य: ० ते १

या मोजपट्टीचा उपयोग कळायला एकच उदाहरण पुरे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून झालेल्या तापमानवाढीमागे मुख्यतः माणूस आहे, या विधानाला २००१ च्या अहवालात ‘संभाव्य’ म्हटलं होतं, २००७ मध्ये ‘खूप संभाव्य’, २०१३ मध्ये ‘अत्यंत संभाव्य’. २०२१ मध्ये, माणसामुळे वातावरण, समुद्र आणि जमीन तापली हे ‘निर्विवाद’ आहे असं लिहून शक्यतेची भाषाच सोडून दिली. वीस वर्षांत पुरावा कसा साचत गेला, हे चार शब्दांत दिसतं.

पण मानसशास्त्रीय प्रयोगांत असं दिसलं आहे की शब्दांचा तक्ता जवळ असूनही लोक ‘खूप संभाव्य’ वाचून ९० च्या बरंच खाली, मधल्या आकड्यांकडे सरकतात. शब्दाशेजारीच आकडा छापला की गैरसमज कमी होतो. तेव्हा स्वतः लिहिताना दोन्ही लिहा.

शक्यतेच्या जोडीला आणखी एक मोजपट्टी असते, ती म्हणजे विश्वासाची: उच्च, मध्यम, कमी वगैरे. ती घटनेबद्दल बोलत नाही, पुराव्याबद्दल बोलते. पुरावा किती आहे, कसा आहे आणि तो एका दिशेने बोट दाखवतो का? ‘कमी विश्वास’ वाचून ‘म्हणजे हे होणार नाही’ असं समजणं ही मोठी गफलत. २०२१ च्या अहवालात बर्फाच्या थरांच्या अस्थिर प्रक्रिया धरल्यास अतिशय जास्त उत्सर्जनाच्या मार्गावर २१०० पर्यंत समुद्रपातळी २ मीटरच्या जवळ जाणं नाकारता येत नाही, असं म्हटलं आहे, आणि त्याला ‘कमी विश्वास’ अशी पाटी आहे. पाटीचा अर्थ इतकाच की या प्रक्रिया अजून नीट कळलेल्या नाहीत. न कळलेली गोष्ट घडणारच नाही, असा त्यातून निष्कर्ष निघत नाही.

पायरी ४: अनिश्चितता येते कुठून?

अनिश्चितता म्हणजे एकच धुकं नाही. तिचे तीन झरे आहेत, आणि तुमच्या प्रश्नात कोणता झरा मोठा आहे हे कळलं की निम्मं काम झालं.

पहिला, हवामानाचा स्वतःचा लहरीपणा. एका अमेरिकी प्रयोगात एकच मॉडेल, तेच उत्सर्जन, सगळं तेच ठेवून चाळीस वेळा चालवलं. फरक एवढाच की सुरुवातीच्या हवेच्या तापमानात अंशाच्या शंभर लाख कोटीव्या भागाइतका बदल केला. मॉडेलच्या त्या धावांमध्ये उत्तर अमेरिकेच्या काही भागांत पन्नास वर्षांचा हिवाळी कल एका धावेत ठळक तापणारा निघाला, तर दुसरीत तो जवळपास नाहीसा झाला. हा लहरीपणा मॉडेल सुधारून जाणार नाही. छोट्या प्रदेशासाठी, जवळच्या काळासाठी आणि विशेषतः पावसासाठी हाच झरा मोठा असतो.

दुसरा, मॉडेल्समधला फरक. मुख्य प्रश्न असा: हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि सगळं स्थिरावलं, तर पृथ्वी किती तापेल? १९७९ साली अमेरिकी विज्ञान अकादमीच्या एका गटाने १.५ ते ४.५ अंश असं उत्तर दिलं. २०१३ चा अहवालही त्याच मर्यादेवर होता. २०२१ मध्ये ती २.५ ते ४ अंशांवर आली (६६ टक्क्यांचा कंस), ९० टक्क्यांसाठी २ ते ५. चाळीस वर्षं फारसा न हललेला कंस हलला, कारण मॉडेल्सवर न विसंबता प्रत्यक्ष नोंदी, प्राचीन हवामानाचे पुरावे आणि ढगांचं भौतिकशास्त्र एकत्र तोललं गेलं. ढग हीच इथली अडचण: काही ऊन परतवतात, काही उष्णता धरून ठेवतात, आणि तापत्या जगात त्यांचा तोल कसा बदलेल यावर मॉडेल्सचं एकमत नाही.

इथे एक सावधगिरी. ‘३० पैकी २७ मॉडेल्स वाढ दाखवतात, म्हणून शक्यता ९० टक्के’ असा हिशेब करू नका. मॉडेल्स म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढलेला नमुना नव्हे. अनेक मॉडेल्सची संगणकीय मुळं सामाईक आहेत, म्हणजे एकाच घरातली तीन मतं मोजल्यासारखं होतं. शिवाय ताज्या पिढीतली काही मॉडेल्स कार्बन दुप्पट झाल्यावर ५ अंशांहून अधिक तापतात, जे इतर पुराव्याशी जुळत नाही. म्हणून २०२१ च्या अहवालाने मॉडेल्सची कच्ची सरासरी न वापरता इतर पुराव्याने ती सुधारून घेतली. इंटरनेटवरून माहिती उतरवून स्वतःच सरासरी काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

तिसरा झरा माणूस. आपण किती जाळणार? २०२१ ते २०४० या काळासाठी उत्सर्जनाचा मार्ग कोणताही घ्या, तापमानवाढीचा मधला अंदाज १.५ ते १.६ अंशच निघतो. २०८१ ते २१०० साठी मात्र कमी उत्सर्जनात १.८ (१.३ ते २.४) आणि अतिशय जास्त उत्सर्जनात ४.४ (३.३ ते ५.७). दोन्ही कंस एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. यातून कामाचा नियम निघतो: योजना वीस वर्षांची असेल तर उत्सर्जनाच्या मार्गांवर वाद घालत बसू नका. साठ-सत्तर वर्षांची असेल तर एकाच मार्गावर विसंबू नका.

आणि या मार्गांना आयपीसीसीने टक्केवारी दिलेली नाही. पाच मार्गांची सरासरी काढून ‘अपेक्षित भविष्य’ बनवणं म्हणूनच निरर्थक आहे. प्रत्येक मार्ग वेगळा वाचा.

पायरी ५: पातळ्या एकमेकांवर रचू नका

तापमानाची ९० टक्के पातळी, पावसाची १० टक्के पातळी आणि वाऱ्याची ९० टक्के पातळी एकत्र घेऊन ‘सर्वांत वाईट स्थिती’ बनवणारे पुष्कळ भेटतात. ती स्थिती किती दुर्मीळ आहे हे मात्र कुणी मोजत नाही. दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतील आणि प्रत्येकीची टोकाला जाण्याची शक्यता १० टक्के असेल, तर दोन्ही एकदम टोकाला जाण्याची शक्यता १ टक्का. पण उष्ण आणि कोरडं हे बऱ्याचदा हातात हात घालून येतात, तेव्हा ती १ ते १० टक्क्यांमध्ये कुठेही असेल. हे ठरवायला दोन्हींची एकत्रित संभाव्यता लागते. दोन सुट्या तक्त्यांतून ती मिळत नाही.

बेरजेतही हेच. दोन स्वतंत्र घटकांची अनिश्चितता ± ३ आणि ± ४ सेंटिमीटर असेल, तर बेरजेची सर्वसाधारणपणे ± ५ येते, ७ नाही. पायथागोरसचंच गणित.

नकाशांबाबत तर हे विसरायलाच होतं. ‘९० टक्के पातळीचा नकाशा’ म्हणजे एक शक्य भविष्य नव्हे. त्यातल्या प्रत्येक चौकटीत त्या चौकटीपुरती ९० ची पातळी भरलेली असते. सगळ्या चौकटी एकाच वेळी तिथे पोहोचतील, असं तो नकाशा म्हणत नाही.

पायरी ६: कोणती पातळी घ्यायची?

हा प्रश्न शास्त्रज्ञाला विचारून सुटत नाही. चूक कोणत्या बाजूला महाग पडेल, ते त्याला माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं. दर पाच वर्षांनी बदलता येईल अशा गोष्टीसाठी मध्यक पुरतो. रुग्णालय, धरण, किनाऱ्यावरचं वीजकेंद्र यांसाठी वरचं टोक बघावं लागतं, आणि समुद्रपातळीच्या कमी विश्वासाच्या २ मीटरवरही निदान एकदा हिशेब करून पाहावा लागतो.

पातळीची निवड आकडा किती बदलते, याचं उदाहरण कार्बनच्या शिल्लक वाट्यात आहे. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची शक्यता ५० टक्के हवी असेल, तर २०२० च्या सुरुवातीपासून जगाकडे ५०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडची मुभा होती. ६७ टक्के हवी तर ४०० अब्ज टन. ८३ टक्के हवी तर ३००. विज्ञान तिन्हीकडे तेच आहे. नाणेफेकीइतकी खात्री पुरेशी मानायची की नाही, हा निर्णय माणसांचा.

वर्षाची शक्यता आणि आयुष्यभराची शक्यता यांचीही गल्लत होते. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे दर वर्षी १ टक्का. तीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के, शंभर वर्षांत ६३. तोही हवामान बदलत नसेल तर. २०२१ च्या अहवालानुसार, माणसाचा प्रभाव नसताना दहा वर्षांतून एकदा येणारी टोकाची उष्णता १.५ अंश वाढलेल्या जगात त्याच दहा वर्षांत सरासरी ४.१ वेळा येईल, २ अंशांवर ५.६ वेळा. जुन्या नोंदींवरून काढलेला ‘शंभर वर्षांचा’ आकडा वापरण्याआधी त्या नोंदी कुठल्या काळातल्या आहेत ते बघा.

पायरी ७: स्वतः लिहिताना

‘२०८० पर्यंत तापमान ४.३ अंशांनी वाढू शकतं’ असं लिहू नका. आपल्या काल्पनिक ओळीवरूनच लिहायचं तर असं: ‘मध्यम उत्सर्जन धरल्यास, १९९५–२०१४ च्या तुलनेत २०८१–२१०० मध्ये उन्हाळ्याचं सरासरी तापमान २.७ अंशांनी वाढेल असा मधला अंदाज आहे. वाढ १.४ ते ४.३ च्या दरम्यान असण्याची शक्यता ८० टक्के, ४.३ च्या वर जाण्याची १० टक्के.’ वाक्य लांबतं. लांबू द्या. मथळ्यात बसवायचंच असेल तर मधला आकडा न देता मर्यादा द्या. प्रक्षेपणाची आवृत्ती आणि वर्ष शेजारी नोंदवा, कारण पुढची आवृत्ती आली की आकडे हलणार आहेत. आणि संगणकाने ४.३२७ दिलं असलं तरी ४.३ च लिहा. कंस तीन अंश रुंद असताना दशांशचिन्हानंतर तीन आकडे देणाऱ्याने कंस वाचलेला नसतो.